गाडी विकलीत, आता ती सांभाळू द्या

प्रति,
भारतात आलिशान मोटारी विकणाऱ्या जर्मन कंपन्यांचे व्यवस्थापक
आणि त्यांच्या विक्रीपश्चात सेवा विभागांचे प्रमुख यांस,



माझं गॅरेज पिंपरी-चिंचवडमध्ये आहे. दारावर कोणत्याही कंपनीची पाटी नाही. येणाऱ्या गाड्या मात्र बहुतांशी जर्मन असतात, आणि त्यांतल्या बहुतेकींची वॉरंटी कधीच संपलेली असते. त्यांचे मालक आज तुमच्या शोरूममध्ये दिसणारे लोक नव्हेत. कुणी वडिलांनी हौसेने घेतलेली गाडी काही केल्या विकायला तयार नाही. कुणी निवृत्त डॉक्टर आजही त्याच गाडीने सातारा-पुणे ये-जा करतात. कुणी तरुण इंजिनीअर नव्या हॅचबॅकच्या पैशात पंधरा वर्षांची सेडान घेऊन, पगारातून थोडे थोडे काढत, तिला पुन्हा उभी करतो आहे. या सगळ्यांच्या आणि माझ्यासारख्या स्वतंत्र मेस्त्र्यांच्या वतीने मी हे पत्र लिहितो आहे.

कारण अगदी सरळ आहे. अशा गाडीचा दोष शोधायला एक सकाळ पुरते. त्या दोषावरचा भाग मिळवायला मात्र महिने जातात, आणि तोवर गाडी कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी राहते. मालक फोन करून करून थकतो, आम्ही उत्तरं देऊन थकतो. हातात कसब आहे, अवजारं आहेत, पैसे मोजायला गिऱ्हाईकही तयार आहे. काम अडतं ते तुमच्या दारात.

तुम्हाला परके समजून मी हे लिहीत नाही. १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझने टेल्कोच्या भागीदारीत भारतात पाऊल ठेवलं आणि १९९५ मध्ये इथे पिंपरीतच ई-क्लासची जुळणी सुरू झाली. २००९ मध्ये तो कारखाना चाकणला गेला. २००७ मध्ये बीएमडब्ल्यूने चेन्नईजवळ जुळणी सुरू केली, आणि त्याच सुमारास ऑडीच्या गाड्या शेंद्र्याला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, तयार होऊ लागल्या. या गाड्यांचे नट आवळणारे हात आमच्याच पोरांचे होते आणि आहेत. त्यामुळे तीस वर्षांपूर्वीची ई-क्लास माझ्या गॅरेजात येते तेव्हा ती परदेशातून आलेली पाहुणी नसते. ती याच गावात जन्मलेली असते.

ती गाडी, म्हणजे डब्ल्यू १२४ मालिका, कशी बांधली होती हे तुम्हाला मी सांगायला नको. जगभरात पंचवीस लाखांहून अधिक गाड्या बनल्या. पुढच्या काचेवर एकच वायपर, पण तो नुसता कमानीत फिरत नाही. मुळाशी बसवलेल्या दातेरी यंत्रणेमुळे तो कोपऱ्याकडे जाताना लांब होतो, मध्यावर येताना आत सरकतो, आणि काचेचा ८६ टक्के भाग पुसून काढतो. तीस वर्षांत त्या यंत्रणेतलं ग्रीस सुकतं, वायपर जड चालतो, मोटरवर ताण येतो. पण पेटी उघडली की आतला प्रत्येक दाता, प्रत्येक दांडा दिसतो. जुनं ग्रीस रॉकेलने धुऊन काढायचं, नवं भरायचं, पुन्हा बंद करायचं, की वायपर पहिल्यासारखा चालू लागतो. ज्यांनी ती यंत्रणा आखली त्यांनी ती कधीतरी कुणीतरी उघडेल, हे गृहीत धरलं होतं. मागच्या प्रत्येक चाकाला पाच दांडे, प्रत्येक दांड्याच्या टोकाला रबरी बुश; रबर झिजणार आणि बदलावं लागणार, हेही गृहीत होतं. भारतात तुमचं नाव झालं ते अशा गाड्यांमुळे. 'जर्मन गाडी म्हणजे टिकाऊ' हा शब्द जाहिरातीने लोकांच्या तोंडी बसवलेला नाही, या गाड्यांनी बसवला आहे. आज तुम्ही जी नवी गाडी विकता, तिच्या किमतीत त्या नावाचाही वाटा आहे.

म्हणूनच माझ्या तक्रारी आणि विनंत्या एकेक करून मांडतो.

पहिली तक्रार मुदतीची. नवी गाडी विकताना हमी किती वर्षांची, सर्व्हिस पॅकेज किती वर्षांचं, गाडी परत घेताना काय किंमत द्याल, हे सगळं तुम्ही छापून देता. सुटे भाग किती वर्षं मिळत राहतील, हे छापलेलं माझ्या पाहण्यात नाही. मॉडेल बंद होतं, काही वर्षं भाग येत राहतात, आणि मग एक दिवस काउंटरवरचा मुलगा स्क्रीनकडे पाहून म्हणतो, "हा नंबर बंद झाला." कधी बंद झाला? त्याच्या जागी दुसरा नंबर आला का? जर्मनीतल्या गोदामात शिल्लक आहे का? त्या मुलाला कुणी हे शिकवलेलंच नसतं. पुष्कळदा भाग बंद झालेला नसतोच, फक्त नंबर बदललेला असतो. आम्ही जुने कॅटलॉग चाळून नवा नंबर शोधतो आणि त्याच काउंटरवर जाऊन तो भाग मागवतो. म्हणजे माल तुमच्याकडे आहे, गिऱ्हाईकही तुमच्या दारात आहे, मधली माहिती तेवढी नाही.

विनंती अशी, की भारतात विकलेल्या प्रत्येक मॉडेलच्या भागांची यादी जाहीर करा. कोणते भाग चालू आहेत, कोणते बंद, बंद झालेल्याला पर्यायी नंबर कोणता, हे त्यात असू द्या. एखादा भाग बंद करणार असाल तर वर्षभर आधी सांगा. ज्याला गाडी ठेवायची आहे तो दोन जादा बुशं, एक जादा पाण्याचा पंप घेऊन कपाटात ठेवेल. आणि नवी गाडी घेणाऱ्यालाही विक्रीच्या वेळीच लेखी सांगा, की या गाडीचे भाग अमुक वर्षांपर्यंत मिळतील.

दुसरी तक्रार विक्रीची. स्वतंत्र गॅरेजला तुमच्या डीलरकडून भाग मिळतो का? कुठे मिळतो, कुठे नाही. कुठे चॅसी नंबर दिला की लगेच देतात, कुठे गाडीची कागदपत्रं मागतात, कुठे 'गाडी इथे आणा, आम्हीच बसवू' म्हणतात. एकाच कंपनीच्या दोन डीलरकडे दोन नियम, कारण नियम लिहिलेलाच नाही. बाहेरगावच्या मेस्त्रीचे हाल तर विचारू नका. सोलापूर, नांदेड, रत्नागिरीतही जुन्या जर्मन गाड्या आहेत. एका ऑइल सीलसाठी तिथला माणूस पुण्या-मुंबईला खेटे घालतो.

हा प्रश्न फक्त माझ्या गॅरेजचा नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच मुद्द्यावर: सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू दिली जात नाहीत. त्या १४ नावांत जर्मन नावंही होती. कंपन्यांनी आदेशाला आव्हान दिलं, तो त्यांचा हक्क. पण आयोगाने जे लिहिलं ते आम्ही गॅरेजवाले रोज जगतो. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारींचाही समावेश केला. सरकारची दिशा स्पष्ट आहे. कायद्याने ओढून नेण्याची वाट न पाहता तुम्ही आधी पुढे या. भागाचा नंबर आणि किंमत सगळ्यांना दिसू द्या, पैसे भरणाऱ्या कुणालाही भाग द्या, आणि गावोगावच्या गॅरेजला कुरियरने पाठवा.

तिसरी तक्रार मला सगळ्यात जास्त सलते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लहान भाग तुटला की मोठा भाग घ्यायला लावण्याची पद्धत. दाराच्या आत काच वर-खाली करणारी यंत्रणा असते. तिच्यात केबलवर सरकणारी आणि काचेचा खालचा काठ पकडून ठेवणारी प्लॅस्टिकची एक क्लिप असते, अंगठ्याच्या पेराएवढी. आपल्याकडच्या उन्हात बारा-पंधरा वर्षांत ते प्लॅस्टिक ठिसूळ होतं. एक दिवस 'खट्' असा आवाज होतो आणि काच दाराच्या पोटात पडते. केबल शाबूत, रूळ शाबूत, मोटर उत्तम. पण क्लिप वेगळी मिळत नाही, अख्खा रेग्युलेटर घ्या.

हेडलाइटची तीच कथा. बंपरला हलका धक्का बसला की दिव्याला बॉडीवर धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा कान तुटतो. काच स्वच्छ, रिफ्लेक्टर लखलखीत, बल्ब लागतो. पण दिवा जागेवर राहत नाही. काही मॉडेल्सना तुम्हीच त्या कानाचा दुरुस्ती-संच देता. तुटका भाग कापून त्या जागी नवा कान स्क्रूने बसवता येतो, काम फक्कड होतं. म्हणजे हे करता येतं हे तुम्हाला माहीत आहे. मग ते सगळ्या मॉडेल्सना का नाही?

सस्पेन्शनचंही तेच. जुन्या गाड्यांत लोअर आर्म पोलादाचा. बुश गेलं की प्रेसवर दाबून काढायचं, नवं दाबून बसवायचं, आर्म पुन्हा गाडीला. नंतरच्या कित्येक मॉडेल्समध्ये आर्म ॲल्युमिनियमचे झाले, बुश आणि बॉल जॉइंट त्यांच्यासकटच विकायला आले. गाडी हलकी झाली, चालायला छान झाली, ते मान्य. पण आपल्या रस्त्यांवर सगळ्यात आधी जातं ते रबर. मुठीत मावणाऱ्या रबरापायी निरोगी धातूचा अख्खा आर्म भंगारात टाकताना मला दर वेळी वाईट वाटतं. पैसे मालकाचे जातात, पण तो धातू गाळायला, ओतायला, घडवायला जी वीज आणि जे श्रम लागले तेही त्याबरोबर जातात. तुमच्या वार्षिक अहवालांत पर्यावरणावर पानंच्या पानं असतात. त्यांतलं एक पान या रबरी बुशांना द्या.

विनंती: जे झिजतं, तुटतं, ते स्वतंत्र विका. बुश, क्लिप, सील, कान, रबरी बूट. कोणता लहान भाग सगळ्यात जास्त तुटतो, हे तुमच्या सर्व्हिसच्या नोंदींत आहेच. त्या नोंदी काढा आणि तिथून सुरुवात करा.

चौथी तक्रार माहितीची आणि कुलपांची. २००० नंतरच्या जर्मन गाड्यांत पुष्कळदा भाग नुसता बसवून भागत नाही, गाडीच्या कॉम्प्युटरला त्याची ओळख करून द्यावी लागते. काही मॉडेल्समध्ये बॅटरी बदलली तरी तशी नोंद करावी लागते, नाहीतर गाडी नव्या बॅटरीलाही जुनी समजून चार्ज करत राहते. यामागचं तंत्र योग्य आहे. माझी तक्रार त्या तंत्राची किल्ली फक्त तुमच्याकडे असण्याबद्दल आहे.

एका ग्राहकाच्या गाडीचं एक कंट्रोल मॉड्यूल पाणी शिरून खराब झालं. तोच नंबर, तोच उत्पादक, नवं कोरं मॉड्यूल आम्ही रीतसर बिलावर मागवून बसवलं. कोडिंगसाठी त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे गेलो. कंपनीचं नाव मी इथे घेत नाही, कारण हा अनुभव एका नावापुरता नाही. "आमच्याकडून न घेतलेल्या भागाचं कोडिंग आम्ही करत नाही," असं उत्तर आलं. मालकाने नाइलाजाने गाडी टो करून तिथे नेली. तपासणीचं शुल्क आधी भरून घेतलं आणि मॉड्यूलसाठी आलेल्या गाडीच्या अंदाजपत्रकात पुढचं सस्पेन्शन, इंजिन माउंटिंग, रेडिएटर अशी यादी लागली. एकूण रक्कम गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त. शेवटी सल्ला मिळाला, "सर, ही गाडी आता काढून टाका. नवीवर चांगली ऑफर आहे." मालकाने गाडी परत आणली. आम्ही जुन्या मॉड्यूलमधली माहिती एका हुशार इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडून नव्यात उतरवून घेतली, आणि ती गाडी आजही उत्तम चालते. जे काम तुमच्या सेंटरमध्ये यंत्र जोडून रीतसर झालं असतं, ते सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन, श्वास रोखून करावं लागलं.

वायरिंगचं उदाहरण याहून बोलकं आहे. नव्वदच्या दशकातल्या काही जर्मन गाड्यांत इंजिनच्या वायरींचं वेष्टण उष्णतेने कडक होतं. वरची काळी नळी सोडवली की आतली रंगीत वेष्टणं मारी बिस्किटासारखी बोटांत चुरतात आणि तांब्याच्या तारा उघड्या पडतात. दोन तारा एकमेकींना टेकल्या की इंजिन मधूनच गचके खातं, कधी बंद पडतं, कधी महागडा कंट्रोल युनिट जाळतं. उपाय एकच, अख्खा हार्नेस नव्याने बांधणं. आमच्याकडचे चांगले ऑटो इलेक्ट्रिशियन हे काम सुबक करतात. फक्त हातात डायग्राम हवा. तो नसेल तर वायरींच्या रंगावरून माग काढावा लागतो, आणि चुरा झालेल्या वेष्टणाला रंग उरलेला नसतो.

युरोपात २००७ पासूनच्या नियमांनी दुरुस्तीची तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना रास्त शुल्कात देणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. म्हणजे श्टुटगार्टच्या एखाद्या गल्लीतला मेस्त्री पैसे भरतो आणि डायग्राम उघडतो. तीच कंपनी, तीच गाडी, तोच डायग्राम; भोसरीतल्या मेस्त्रीलाही तो त्याच रीतीने मिळू द्या. आम्ही फुकट मागत नाही. चोरीपासून संरक्षणाशी संबंधित भागांवर कडक नियम ठेवा; आमची ओळख, परवाना, मालकाचं संमतीपत्र, जे मागाल ते देऊ. पण बाकीच्या कामांसाठी दिवसाचं, महिन्याचं शुल्क ठरवा आणि दार उघडा.

पाचवी तक्रार नकली मालाची, आणि तिची थोडी जबाबदारी तुमच्यावरही येते. अस्सल भाग वेळेवर, रास्त किमतीत मिळाला नाही की माणूस बाजार धुंडाळतो. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ला, दिल्लीत काश्मिरी गेट आणि मायापुरी, चेन्नईत पुदुपेट. कुणी शारजाच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातून भाग मागवतो, कुणी जर्मनीतल्या नातेवाइकाच्या बॅगेतून. या बाजारांत प्रामाणिक, जाणते व्यापारी आहेत. त्यांच्याशिवाय माझं गॅरेज एक महिनाही चालणार नाही. पण त्याच गल्ल्यांत हुबेहूब खोक्यातला बनावट मालही फिरतो.

चांगल्या बुशात रबर धातूच्या नळीला घट्ट चिकटवून एकजीव केलेलं असतं. नकली बुश हातात घेऊन आतली नळी दोन बोटांनी पिळली तर ती रबरात गोल फिरते. साच्याच्या सांध्यावर रबराची कड राहिलेली असते, आणि खोकं उघडताच नाकात उग्र वास जातो. खोक्यावरचं छपाईचं काम मात्र अस्सलाला लाजवील असं. असं बुश एक पावसाळा काढतं. त्यानंतर आवाज परत येतो, टायर एका बाजूने झिजतो, आणि मालकाच्या मनात नाव खराब होतं ते तुमच्या गाडीचं आणि माझ्या हाताचं.

तुमच्या भागांचे मूळ कारखानदार तोच भाग स्वतःच्या खोक्यात विकतात. त्यावरचं गाडी-कंपनीचं चिन्ह घासून काढलेलं असतं, एवढाच फरक. जाणकाराला ती घासलेली जागा पाहून उलट विश्वास वाटतो. पण सामान्य मालकाला यातलं काय कळणार? विनंती अशी, की भारतात मूळ पुरवठादाराचा कोणता भाग तुमच्या भागाच्या तोडीचा आहे, हे उघडपणे सांगा. खोक्यावरचा कोड तपासून अस्सल-नकली ओळखण्याची सोय गॅरेजांनाही द्या. ज्या भागांची नक्कल सर्वाधिक होते, त्यांची किंमत एकदा नव्याने तपासा. सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. पूर्वी ज्यांवर २८ टक्के होता त्यांतला फरक शेवटच्या बिलात दिसू द्या.

सहावी तक्रार वागणुकीची. जुन्या गाडीचा मालक तुमच्या सेंटरमध्ये आला की त्याच्याकडे पाहण्याची नजर बदलते. नवा गिऱ्हाईक कॉफी पीत बसतो आणि याला सांगितलं जातं, की आमच्याकडे आता या मॉडेलचा माणूस नाही. त्याने तुमच्याकडून नवी गाडी घेतलेली नसेल, तिसऱ्या हाताने घेतली असेल. पण बॉनेटवरचं चिन्ह तुमचंच आहे, आणि तो त्या चिन्हाची किंमत मोजतोच आहे. २०२४ मध्ये कंपन्यांनी जुनी गाडी मोडीत काढल्याच्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीत सवलत द्यायचं ठरवलं. चांगलं आहे, धूर ओकणारी, ब्रेक नसलेली गाडी रस्त्यावर नकोच. पण जो गाडी नीट ठेवतो, वेळेवर ऑइल बदलतो, धुराची चाचणी पास करतो, त्याच्यासाठी तुमच्याकडे काय आहे?

जर्मनीत काय आहे ते मला ठाऊक आहे. १९९३ पासून मर्सिडीज-बेंझचं क्लासिक सेंटर श्टुटगार्टजवळ फेलबाखला आहे. म्युनिकमध्ये बीएमडब्ल्यूचा, इंगोलश्टाटमध्ये ऑडीचा असाच विभाग आहे. बंद झालेले भाग तिथे पुन्हा बनवले जातात. २०१८ मध्ये पोर्शने आपल्या जुन्या गाड्यांचे काही भाग थ्रीडी प्रिंटिंगने बनवायला सुरुवात केली. तीस वर्षं जुनी, मूळ स्थितीत जपलेली गाडी तिथे 'एच' अक्षराची नंबरप्लेट मिळवते, कारण ती वारसा मानली जाते. आपल्याकडे व्हिंटेज म्हणवायला पन्नास वर्षं लागतात. पंधराव्या वर्षी फेरनोंदणी येते. तिचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं, पुढे वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी आणखी वाढलं. म्हणजे पंधरा ते पन्नास या पस्तीस वर्षांत गाडी सांभाळणाऱ्याला कायद्याचा आधार नाही आणि कंपनीचाही नाही. फिटनेसला जाताना ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ठणठणीत लागतात. तेच भाग मिळाले नाहीत, तर गाडी धूर करणार. भाग उपलब्ध ठेवणं हा स्वच्छ हवेचाही प्रश्न आहे.

तुमच्या अडचणी मला कळत नाहीत असं नाही. एखाद्या जुन्या मॉडेलच्या देशभरात उरलेल्या गाड्या थोड्या, भागांचे प्रकार हजारो. प्रत्येक भाग गोदामात ठेवला तर पैसा अडकून पडतो, रबर तर पडून पडूनही खराब होतं. आयात शुल्क आहे, विमानाचं भाडं आहे. चुकीच्या हातांनी बसवलेल्या ब्रेकमुळे अपघात झाला तर नाव तुमचं जाणार, ही भीतीही रास्त आहे. या सगळ्याला मी उत्तर म्हणून एक प्रस्ताव ठेवतो.

जो भाग तुम्हाला बनवणं परवडत नाही, त्याचं ड्रॉइंग आम्हाला द्या. भोसरी, चाकण, वाळूज इथल्या लहान-मोठ्या कारखान्यांत साचे बनतात, रबर ओतलं जातं, फोर्जिंग होतं. इथला माल जर्मनीतल्या गाड्यांत रोज बसतो; त्याची गुणवत्ता तपासणारे अधिकारी तुमचेच असतात. बंद झालेल्या बुशाचं, क्लिपचं, सीलचं, पाइपचं ड्रॉइंग परवान्यावर एखाद्या कारखान्याला द्या. रबराचा कडकपणा किती, प्लॅस्टिकची जात कोणती, ते तुम्ही ठरवा. नमुना तुम्ही तपासा, खोक्यावर शिक्का तुमचा असू द्या, प्रत्येक नगामागे स्वामित्वशुल्क घ्या. ब्रेक आणि एअरबॅगला हात लावू नका, पण बाकीची लांबलचक यादी मोकळी आहे. तुमचं गोदाम रिकामं राहील, इथल्या कारखान्याला काम मिळेल, नकली मालाचा बाजार बसेल, आणि पिंपरीत जन्मलेल्या गाडीला पिंपरीतच सुटा भाग मिळेल.

आणखी एक. या गाड्या ओळखणारे मेस्त्री आता म्हातारे होत आहेत. इंजिनाचा आवाज ऐकून कोणता व्हॅक्यूम पाइप फुटला ते सांगणारी ही माणसं. त्यांचं ज्ञान कुठे लिहिलेलं नाही. तुम्ही आयटीआयमधल्या मुलांना नव्या गाड्यांचं प्रशिक्षण देता. त्यात वर्षातून एक आठवडा जुन्या गाड्यांसाठी ठेवा आणि शिकवायला या मेस्त्र्यांना बोलवा. मानधन द्या, प्रमाणपत्र द्या. असं प्रमाणपत्र भिंतीवर लागलेल्या गॅरेजवर ग्राहक विश्वास ठेवेल, आणि भाग देताना तुम्हालाही विश्वास वाटेल.

या सगळ्या गोष्टी एका दिवसात होणार नाहीत, हे मी जाणतो. म्हणून आज एकच मागतो: भागांची यादी. भारतात विकलेली तुमची मॉडेल्स, चालू आणि बंद भाग, पर्यायी नंबर, किमती. ही माहिती तुमच्याकडे तयार आहे, तिला नवा कारखाना लागत नाही की नवा कायदा. ज्या कंपनीची यादी पहिली निघेल, तिची प्रत मी माझ्या गॅरेजच्या दारात लावेन, आणि त्या कंपनीच्या गाडीचा प्रत्येक भाग, तुमच्याकडे मिळतो तोवर, तुमच्याच काउंटरवरून घेईन. माझ्यासारखे अनेक जण तेच करतील. बाजारात वणवण करण्याची हौस कुणालाच नाही.

या पत्राचं उत्तर मला खासगीत नको. जे उत्तर द्याल ते तुमच्या सगळ्या ग्राहकांना वाचता येईल असं, जाहीर द्या.



आपला विश्वासू,
एक स्वतंत्र गॅरेजमालक
पिंपरी-चिंचवड